गुटीची पुडी हाती देण्यापूर्वी



आपल्या व्यवसायात यशाच्या कथा सांगण्याची परंपरा जुनी आहे. अमुक रुग्ण सर्व उपचार करून थकला, अखेर आपल्याकडे आला आणि बरा झाला, असे अनुभव आपण आवडीने लिहितो व वाचतो. त्यांचे मोल मी नाकारत नाही. प्रस्तुत लेख मात्र त्या प्रकारातील नाही. यात एका वैद्याच्या हातून घडलेली चूक सांगावयाची आहे. तो वैद्य मी स्वतः, आणि रुग्ण माझी पन्नास दिवसांची कन्या. पुष्कळ वर्षे हा विषय लिहावा की लिहू नये, अशा संभ्रमात होतो. अलीकडे आपल्या औषधालयांत लहान बाळांसाठी औषध मागणाऱ्यांची संख्या वाढलेली पाहून हे लेखन करणे कर्तव्य वाटले.

आमचे औषधालय तालुक्याच्या गावी आहे. वडिलांनी ते उभे केले. पदवी घेऊन मी त्यातच बसू लागलो. एका बाजूला चिकित्सालय आणि दुसऱ्या बाजूला वनौषधी, चूर्णे, आसव-अरिष्टे आणि गुटीच्या पुड्या, अशी आमची मांडणी. बाळगुटीच्या पुडीसाठी पंचक्रोशीतून माणसे येतात. हळकुंड, सुंठ, वेखंड, बाळहिरडा, मुरडशेंग, मायफळ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, ज्येष्ठमध, वावडिंग, सागरगोटा, खारीक, बदाम अशी ती पुडी आईच्या देखरेखीखाली बांधली जाई. किती वेढे उगाळावयाचे, हेही आईच सांगे.

कन्या जन्मली ती २०१७ च्या मार्च महिन्यात. दुसऱ्याच दिवशी तिच्या अंगावर लाल चट्टे व त्यांच्या मध्यावर बारीक पिवळसर पुटकुळ्या उठल्या. घरातील वडीलधारी मंडळी घाबरली. लेप सुचविणारे चार जण भेटले. नवजात बाळांत असे चट्टे वारंवार आढळतात व काही दिवसांत आपोआप मावळतात, हे मला ठाऊक होते. मी काहीही लावू दिले नाही आणि आठवड्याच्या आत अंग स्वच्छ झाले. या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे समाधान मला झाले. त्या समाधानातूनच पुढील चूक घडली असावी, असे आज वाटते.

पन्नासाव्या दिवशीचा ताप

महिन्याने घरात गुटी सुरू झाली. पुडी आमच्याच दुकानातील होती. एप्रिलअखेर उन्हाळा कडक होता. एका संध्याकाळी बाळाचे अंग गरम लागले. मी कपाळाला, पोटाला हात लावून पाहिला. कपडे सैल केले, कोमट पाण्याने अंग पुसले. उन्हाचा कडाका आणि त्यात बाळाला दुपट्यात गुंडाळलेले, म्हणून अंग तापले, असे निदान केले. क्षीराद बाळाची चिकित्सा करताना मातेच्या आहार-औषधाकडे पाहावे, या शास्त्रवचनास अनुसरून पत्नीला नागरमोथ्याचा काढा दिला. बाळ किरकिर करीत होते, म्हणून आईने त्या रात्री गुटीत जायफळाचे दोन वेढे अधिक उगाळले. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही.

बाळ झोपले. पहाटे उठले नाही, तेव्हा घरात सर्वांना हायसे वाटले. सकाळी नऊच्या सुमारास पत्नी म्हणाली, "हिने रात्रीपासून अंगावर नीट ओढलेलं नाही. तोंडात घेते आणि सोडून देते." आई म्हणाली, "झोपेत आहे, उठली की पिईल." मी दुकान उघडावयास गेलो. दुपारी बाराच्या सुमारास पत्नीचा निरोप आला, की बाळ हाक मारली तरी डोळे धड उघडत नाही. मग मात्र आम्ही धावलो.

बालरोगतज्ज्ञांनी दोनच प्रश्न विचारले. वय किती? ताप केव्हापासून? मी उत्तरे दिली. त्यांनी मला दोषाचा एक शब्दही ऐकविला नाही. फक्त कागदावर तापाच्या आरंभाची वेळ आणि आम्ही पोहोचल्याची वेळ, एकाखाली एक लिहिली. दोहोंमध्ये अठरा तासांचे अंतर होते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. दहा दिवस शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. परमेश्वराच्या कृपेने आणि त्या डॉक्टरांच्या तत्परतेने मुलगी वाचली. आज ती प्राथमिक शाळेत जाते आणि घरात सर्वांत मोठा आवाज तिचाच असतो.

त्या दहा दिवसांत, रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून, मी पुष्कळ विचार केला. मला टोचत होते ते दोन गोष्टींचे. पहिली अशी, की आमच्या दुकानात तापमापक विक्रीला होते, आणि माझ्या घरात एकही नव्हते; मी हाताने ताप मोजला. दुसरी त्याहून गंभीर. बाळ निपचित पडले होते ते रोगाने की जायफळाने, हे त्या सकाळी आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हते. जायफळ निद्राकर आहे, हे आपण सर्व जाणतो. अतिमात्रेत ते लहान बाळाला धोक्याचे ठरते, हेही जाणतो. रोगाचे सर्वांत मोठे लक्षण आम्ही आमच्याच हाताने झाकून ठेवले होते.

न बोलणाऱ्या रुग्णाचे लक्षण

आपल्या शास्त्राला ही अडचण पुरती ठाऊक होती. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात वेदनाध्याय आहे. जे बाळ बोलू शकत नाही, त्याला कोठे आणि काय दुखते, हे त्याच्या चेष्टांवरून कसे ओळखावे, याचे विवेचन तेथे आहे. डोके दुखणारे बाळ डोके कसे हलविते, कान दुखणारे हात कोठे नेते, पोट दुखणारे स्तन कसे सोडते व कसे रडते, अशी निरीक्षणे आचार्यांनी नोंदविली आहेत. याचा अर्थ असा, की बाळाचे रडणे, पिणे, जागणे आणि हातपाय हलविणे हीच त्याची भाषा होय. बोलत्या रुग्णाला आपण दहा प्रश्न विचारू शकतो. या रुग्णापाशी एवढीच चार उत्तरे आहेत.

मग जे औषध या चारांपैकी एकही उत्तर पुसून टाकते, ते देण्यापूर्वी वैद्याने किती विचार करावयास हवा? माझे मत असे, की तीन महिन्यांखालील बाळाला झोप आणणारे कोणतेही द्रव्य आपल्या औषधालयातून जाऊ नये. ते गुटीत असो, घुटीच्या बाटलीत असो वा परंपरेने कितीही मान्य असो. या मताला विरोध होईल याची जाणीव मला आहे. त्या विरोधाचा विचार पुढे केला आहे. तत्पूर्वी, बाळाच्या पहिल्या दीड वर्षात आमच्या घरी जे नेहमीचे आजार आले, त्यांतून मी काय शिकलो, ते थोडक्यात नमूद करतो. कारण वाचकांच्या काउंटरवर रोज येणारे प्रश्न तेच आहेत.

नेहमीचे आजार, नेहमीचे प्रश्न

पाचव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, लंगोटाच्या जागी पुरळ उठले. लंगोट वाळत नसत, म्हणून बाजारातील डायपर सुरू झाले होते. सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत अहिपूतना सांगितली आहे. मलमूत्राने लडबडलेली जागा वेळेवर धुतली नाही तर कंड, पुरळ आणि स्राव होतो, हे त्यांचे निदान आजही जसेच्या तसे लागू पडते. घरी त्या वेळी पाहुण्या आलेल्या एका नातलग बाईंनी औषधाच्या दुकानातून मलमाची एक नळी आणली. तीन दिवसांत जागा पांढरी झाली. सर्वांना आनंद झाला. मलम थांबविताच आठवडाभरात पुरळ दुपटीने परतले. नळीवरील अक्षरे वाचली तेव्हा उलगडा झाला. त्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र होते. डायपरखालील झाकलेल्या, ओल्या, कोवळ्या त्वचेतून असे स्टेरॉइड कितीतरी अधिक शोषले जाते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा चौदा स्टेरॉइड द्रव्यांची मलमे परिशिष्ट 'एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरीही ती मिळतात, हे आपण सारे जाणतो.

आम्ही डायपर बंद केले. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने, दिवसातून दोनदा त्रिफळ्याच्या गाळलेल्या काढ्याने जागा धुतली, मऊ कापडाने टिपली, काही वेळ उघडी ठेवली आणि मग शतधौत घृताचा पातळ हात दिला. पुरळ हटले. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जांघेच्या घड्यांत खोल लाली असेल आणि तिच्या कडेला सुटे लाल ठिपके असतील, तर बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव मोठा. तेथे तूप चोपडीत बसू नये. योग्य बुरशीनाशक लागते. पावडरीविषयीही हेच. ती उडते, बाळाच्या श्वासात जाते, आणि घड्यांत तिचा ओला लगदा होतो. घामोळ्यांना पावडरीपेक्षा सुती झबले आणि वारा अधिक उपयोगी पडतो.

आठव्या महिन्यात दात येण्याच्या सुमारास जुलाब झाले. वाग्भटाचार्यांनी दंतोद्भेद हे सर्व रोगांचे कारण म्हटले आहे, हे आपल्यातील प्रत्येकाला पाठ असते. त्याच प्रकरणात पुढे, दातांमुळे होणाऱ्या विकारांत बाळाला फार जखडू नये, ते आपोआप शमतात, असा आशय आहे. तो आपण सोयीने विसरतो. मात्र 'दातांमुळे' हे निदान करताना पाण्याचा हिशेब सुटता कामा नये. बाळाला आम्ही जलसंजीवनी दिली. अंगावरचे दूध चालू ठेवले. सहा महिन्यांपुढील बाळाला रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे चौदा दिवस झिंक द्यावे, ही आज सर्वमान्य पद्धती आहे; ती पाळली. कुटज, बिल्व ही आपली समर्थ द्रव्ये आहेत, परंतु ती पाण्याची जागा घेत नाहीत. आमच्या काउंटरवर "जुलाब थांबवणारं काहीतरी द्या" असे म्हणणाऱ्या आईच्या हाती मी आज प्रथम जलसंजीवनीची पुडी ठेवतो, आणि बाळाला शेवटची लघवी केव्हा झाली, ते विचारतो.

दहाव्या महिन्यात तीन दिवस चांगलाच ताप भरला. या वेळी तापमापक घरात होता आणि बाळ ताप उतरला की खेळत होते, पीत होते. डॉक्टरांना दाखविले, त्यांनीही वाट पाहण्यास सांगितले. चौथ्या दिवशी ताप पूर्ण उतरला आणि त्याच दिवशी छातीपाठीवर गुलाबी पुरळ उमटले. शेजारणींनी देवीचे नाव घेतले. हा निरुपद्रवी विषाणुज्वर सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांत वारंवार दिसतो. ताप गेल्यावर पुरळ, हीच त्याची खूण. याउलट, ताप असताना पुरळ आले आणि काचेचा पारदर्शक पेला दाबून पाहिला असता ते फिके झाले नाही, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. पेल्याची ही परीक्षा प्रत्येक दुकानदाराला येणे अवघड नाही.

सर्दी-खोकला तर सतत होता. त्यासाठी श्वास मोजावयास मी घरात सर्वांना शिकविले. पोट उघडे करून, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० वा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास म्हणजे धोका. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे हाही धोकाच. हे आकडे मी चिकित्सालयात भिंतीवर लिहून लावले आहेत.

मधाविषयी

आता एका नाजूक प्रश्नाकडे येतो. जातकर्मात मध आणि तूप चाटविण्याचे विधान संहितांत आहे. आमच्या दुकानातील पुडीवरही 'मधातून द्यावे' असे छापलेले असे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तेथे विष तयार होते. बालकांतील हा विकार १९७६ मध्ये प्रथम ओळखला गेला. बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, दूध ओढण्याची शक्ती जाणे आणि अंग लुळे पडणे ही त्याची लक्षणे. विकार विरळा आहे हे खरे. पण टाळणे अगदी सोपे आहे. एक वर्षापर्यंत मध देऊ नये, एवढेच.

काही ज्येष्ठ वैद्यांना यात शास्त्राचा अवमान दिसतो. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी विचारतो: शास्त्राने सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपण आज करतो काय? देश, काल, वय, बल पाहून योजना करावी, हेही शास्त्रच सांगते. काश्यपांनी लेहाध्यायात लेहन कोणाला द्यावे याबरोबर कोणाला देऊ नये, याचीही गणना केली आहे. नवजाताची मात्रा वावडिंगाच्या दाण्याएवढी सांगणारे आचार्य किती जपून पाऊल टाकीत होते, हे उघड आहे. अनुपानाचा प्रश्न असेल, तर मातेचे दूध हे सर्वश्रेष्ठ अनुपान आपल्या ग्रंथांतच आहे. सुश्रुताचार्यांनी तर दूध पिणाऱ्या बाळासाठी औषधाचा कल्क मातेच्या स्तनाला लावून पाजण्याची युक्ती सांगितली आहे. आमच्या पुडीवरून 'मध' हा शब्द मी काढला, तेव्हा परंपरेतील काही हरवले असे मला वाटले नाही.

पूर्वीची बाळे जगलीच ना?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप माझ्या आईनेच घेतला होता. "आम्ही पाच पोरं याच गुटीवर वाढवली," असे ती म्हणे. मी तिला हळूच सहाव्याची आठवण दिली. तो तीन महिन्यांचा होऊन गेला होता. ती गप्प झाली, आणि मला बोलल्याचे वाईट वाटले. परंतु प्रश्न तोच आहे. जी बाळे जगली त्यांच्याच साक्षी आपल्यापर्यंत पोहोचतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार भारतात १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. लसीकरण, स्वच्छ प्रसूती, जलसंजीवनी, पोषण, वेळेवर उपचार अशी त्याची अनेक कारणे आहेत. गुटीने बाळे मेली असे मी म्हणत नाही. गुटीवर बाळे जगत होती, हा पुरावा मात्र फार दुबळा आहे, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आपण पुडी दिली नाही, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाईलही. माझ्या अनुभवात पहिल्या वर्षी काही गेले. परंतु ज्या आईला आपण "हे औषधाचे काम नाही, आत्ता रिक्षा करून डॉक्टरांकडे जा" असे सांगतो, ती पुढे दहा वर्षे आपल्याकडे येते, हेही मी पाहिले आहे.

तिसरा आक्षेप असा, की आधुनिक औषधांनीच बाळांचे अधिक नुकसान केले, मग बोट आपल्याकडे का? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना काढली. या घटनेनंतर आपल्या काउंटरवर "कफ सिरप नको, आयुर्वेदिक द्या" म्हणणारे पालक वाढले. हा क्षण विजयाचा मानू नये. तो विश्वासाचा आहे आणि म्हणून जबाबदारीचा आहे. आपल्या काही पातळ औषधांतही सॉर्बिटॉल, ग्लिसरीन यांसारखे घटक असतात. त्यांची शुद्धता तपासली गेली आहे काय, हे उत्पादकाला विचारण्याचा अधिकार प्रत्येक विक्रेत्याला आहे. 'आयुर्वेदिक' या एका शब्दाने बाटली निर्धोक होत नाही. औषध नियमांच्या परिशिष्ट ई(१)मध्ये आपलीच विषद्रव्ये नोंदलेली आहेत: वत्सनाभ आहे, पारद आहे, हिंगुळ आहे. अतिविष आणि वत्सनाभ एकाच कुळातील बंधू. अतिविष महाग, म्हणून भेसळीची भीती. गुटीच्या पुडीत अतिविष घालणाऱ्याने ते स्वतः ओळखून घेतले पाहिजे.

काउंटरवरील पाच नियम

केवळ मत मांडून थांबणे मला योग्य वाटत नाही. आमच्या औषधालयात गेली काही वर्षे पाळलेले पाच नियम संघटनेच्या विचारार्थ सादर करतो.

१. बाळासाठी काहीही मागितले तर पहिला प्रश्न वयाचा, दुसरा पिण्याचा. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप असेल, किंवा कोणत्याही वयाचे बाळ दूध ओढत नसेल, हाक मारून जागे होत नसेल, हिरवी उलटी करीत असेल, झटका आला असेल, तर कोणतेही औषध न देता त्याच घटकेस रुग्णालयात धाडावे.

२. पाठविताना चिठ्ठी द्यावी. तीत वय, लक्षण, आधी दिलेले औषध आणि वेळ लिहावी. गुटी दिली असेल तर तीही लिहावी, लपवू नये.

३. गुटीच्या पुडीवर सर्व द्रव्यांची नावे आणि बांधणीची तारीख असावी. जायफळ आणि पोटात देण्यासाठी वेखंड त्या पुडीत नसावे. मधाचा उल्लेख नसावा. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, हे वाक्य ठळक छापावे. गुटी मागणाऱ्या प्रत्येक आईला हे तोंडीही सांगावे. सहाणेचे पाणी आणि बोंडल्याची अस्वच्छता यांतूनही जुलाब होतात, हे विसरू नये.

४. तापमापक आणि जलसंजीवनी काउंटरवर, डोळ्यांसमोर असावी. आधुनिक औषधे ठेवणाऱ्या बंधूंनी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप यांतील फरक प्रत्येक वेळी समजावून सांगावा. ड्रॉप्समध्ये सामान्यतः एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० वा १२५, कधी २५०. बाटली बदलली आणि माप तेच राहिले, तर अनर्थ ओढवतो.

५. मिश्र मलमे, झोपेची घुटी आणि रसौषधी बाळासाठी काउंटरवरून देऊ नयेत. वैद्याने स्वतः बाळ पाहून लिहून दिल्याखेरीज तर कदापि नाही.

या नियमांत आपल्या शास्त्राला कमीपणा आणणारे काही आहे, असे मला वाटत नाही. तेलाचा अभ्यंग, सूतिकेचा आहार, स्तन्याची काळजी, दुपट्या-लंगोटांची धूप आणि उन्हे, आईला धीर देणे यांत आपला हात कोणी धरू शकत नाही. बाळाच्या पहिल्या वर्षात वैद्याचे हेच मोठे काम आहे. या कामात औषधाचा वाटा थोडा आहे, आणि तो थोडाच राहू द्यावा.

माझी कन्या बरी होऊन घरी आली त्या दिवशी आईने सहाण धुऊन पुसून फडताळात ठेवली. मी तिला ठेव म्हटले नव्हते. पुढे माझा मुलगा जन्मला, तेव्हा ती सहाण पुन्हा बाहेर आली. पण चंदन उगाळण्यासाठी. मुलाला दोन महिन्यांचा असताना एके रात्री ताप आला. आईने तापमापक लावला, १०१ वाचला आणि मला हाक मारण्यापूर्वी पत्नीला सांगितले, "चपला घाल." पाऊण तासात आम्ही रुग्णालयात होतो. ताप साधाच निघाला. दोन दिवसांत मुलाला घेऊन आलो. त्या धावपळीबद्दल आम्हाला कोणी हसले नाही, आणि हसले असते तरी चालले असते.

संघटनेच्या आगामी वार्षिक सभेत या पाच नियमांवर चर्चा व्हावी, त्यांत अनुभवी वैद्यांनी भर घालावी, चुकत असेल तेथे मला सांगावे, आणि जे ठरेल ते छापून प्रत्येक सभासदाच्या काउंटरवर लावावे, अशी नम्र विनंती करून हे लिखाण पुरे करतो.